फ्युमिचिनोहून रोममध्ये: जलद गाडी की धीमी?

प्रश्न : मी आणि माझे यजमान, दोघेही सत्तरीला टेकलेले, ऑक्टोबरात आठ दिवसांसाठी रोमला जात आहोत. आखाती देशातून येणारे आमचे विमान दुपारी फ्युमिचिनो विमानतळावर उतरेल. राहण्याची जागा त्रास्तेवेरे भागात घेतली आहे. आमच्या प्रवासाची आखणी करणाऱ्यांनी सांगितले की, लिओनार्दो एक्सप्रेसने थेट टर्मिनी स्थानकावर जा आणि तेथून टॅक्सी करा. भाच्याचे म्हणणे असे की दुसरी एक स्वस्त गाडी आहे. मात्र ती धीमी असल्याचे कळते. या वयात आम्ही जलद गाडीच धरावी का?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : आपल्या भाच्याचे ऐकावे. विमानतळाच्या स्थानकातून शहराकडे जाणाऱ्या गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. लिओनार्दो एक्सप्रेस मध्ये कोठेही न थांबता ३२ मिनिटांत टर्मिनीला पोचते आणि तिचे भाडे माणशी १४ युरो आहे. दुसरी म्हणजे ‘एफएल १’ या मार्गावरची प्रादेशिक गाडी. तिचे भाडे ८ युरो असून ती वाटेतील लहान स्थानके घेत त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तुस्कोलाना आणि तिबुर्तिना या शहरातील स्थानकांवर थांबते, टर्मिनीला मात्र जातच नाही. या दोन्ही गाड्या बऱ्याच अंतरापर्यंत एकाच मार्गाने धावतात. म्हणजे आपण लिओनार्दो एक्सप्रेसमध्ये बसलात, तर ती आपल्या त्रास्तेवेरे स्थानकातूनच न थांबता पुढे निघून जाईल, नदी ओलांडेल, शहराला दक्षिणेकडून वळसा घालून आपल्याला टर्मिनीला उतरवील, आणि तेथून टॅक्सीचे वेगळे पैसे मोजून आपण पुन्हा नदीच्या अलीकडे याल. ‘धीमी’ म्हटली जाणारी गाडी मात्र अर्ध्या तासाच्या आतबाहेर आपल्याला त्रास्तेवेरेला सोडते.

मुंबईच्या लोकलची सवय असलेल्या माणसाला जलद गाडी सोडणे जिवावर येते, हे मी जाणतो. पण ज्याला माटुंग्याला उतरायचे आहे त्याने जलद गाडीने भायखळ्यापर्यंत जाऊन परत यावे, असे तेथेही कोणी सांगत नाही. रोमच्या बाबतीत हाच विचार सुटतो, कारण आपण शहराचा नकाशा पाहण्याआधी गाड्यांचे वेळापत्रक पाहतो. म्हणून प्रथम आपल्या निवासाची जागा नकाशावर शोधावी, तिला सर्वांत जवळचे रेल्वे किंवा मेट्रो स्थानक कोणते ते पाहावे आणि मगच गाडी निवडावी. निवास टर्मिनीच्या आसपास असेल, किंवा मेट्रोच्या ‘ए’ मार्गावर, म्हणजे स्पॅनिश पायऱ्यांजवळ किंवा व्हॅटिकनच्या बाजूला असेल, तर लिओनार्दो एक्सप्रेस सोयीची. निवास तेस्ताच्चो, अव्हेन्तिनो टेकडी किंवा कलोसियमच्या परिसरात असेल, तर प्रादेशिक गाडीने ओस्तिएन्सेला उतरावे. तेथून भुयारी वाटेने चालत पिरामिदे या मेट्रो स्थानकावर जाता येते आणि ‘बी’ मार्गाने कलोसियम तेथून दुसरेच स्थानक आहे.

आता आपल्यापुरते सांगतो. त्रास्तेवेरे या नावाचा अर्थच ‘तिबेर नदीच्या पलीकडचा’, म्हणजे पैलतीर, असा आहे. पण त्रास्तेवेरे स्थानक आणि आपण छायाचित्रांत पाहिलेला वेलींनी झाकलेल्या गल्ल्यांचा त्रास्तेवेरे भाग यांत दीड-दोन किलोमीटरचे अंतर आहे. स्थानकातून बाहेर पडताच त्या गल्ल्या दिसल्या नाहीत म्हणून गडबडून जाऊ नये. स्थानकाबाहेरून ८ क्रमांकाची ट्राम मिळते आणि ती त्याच भागातील मोठ्या रस्त्याने नदीकडे जाते. रुळांचे काम चालू असेल तेव्हा तिच्याऐवजी बस धावते. ट्रामचे तिकीट दीड युरोचे असून ते १०० मिनिटे चालते. विमानतळाच्या गाडीचे ८ युरोचे तिकीट ट्रामला चालत नाही, हे लक्षात ठेवावे. सामान जड असेल तर स्थानकाबाहेरून टॅक्सी करण्यात काहीही कमीपणा नाही, कारण शेवटचा तुकडा थोडा असला तरी सोपा नाही. रोमच्या जुन्या गल्ल्यांत काळ्या दगडाचे लहान लहान चौकोनी ठोकळे बसवलेले आहेत आणि त्यांच्या फटींत सूटकेसची चाके अशी अडकतात की, दोनशे पावलांत दोन्ही हात भरून येतात. माझ्या एका बॅगेचे चाक तेथेच राहिले. शक्य असेल तर एकेक मोठी बॅग नेण्याऐवजी खांद्याला लावता येईल असे हलके सामान न्यावे.

प्रादेशिक गाडीबद्दल दोन गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्यात. ती रोजच्या नोकरदारांची गाडी आहे. सकाळी कामावर जाण्याच्या वेळेस ती भरलेली असते आणि बॅगा ठेवायला लिओनार्दो एक्सप्रेसइतकी ऐसपैस जागा तिच्यात नसते. आपले विमान दुपारी उतरत असल्याने ही अडचण बहुधा येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती मी स्वतःच्या फजितीवरून शिकलो. पहिल्या खेपेस मी विमानतळाच्या स्थानकातील फलकावर ‘रोमा’ हे नाव शोधत उभा होतो. समोरच्या फलाटावर ‘ओर्ते’ अशी पाटी असलेली गाडी लागली आणि गेली. पाव तासाने ‘फारा साबिना’ नावाची गाडी आली, तीही गेली. आणि मी मात्र आपली रोमची गाडी उशिरा का येते आहे, असा विचार करत बाकावर बसून राहिलो. या गाड्या रोम ओलांडून पुढे उत्तरेकडच्या गावांना जातात, म्हणून पाटीवर त्या शेवटच्या गावांची नावे असतात. दादरला उभे राहून कोणी ‘मुंबई’ अशी पाटी असलेली लोकल शोधावी, तसा हा प्रकार होता. पाटीवरच्या मोठ्या नावाखाली मधल्या स्थानकांची नावे बारीक अक्षरांत सरकत जातात, त्यांत ‘त्रास्तेवेरे’ दिसले की निर्धास्तपणे चढावे.

प्रश्न : आम्ही चौघे आहोत: आम्ही दोघे आणि नऊ व सहा वर्षांची दोन मुले. हॉटेल टर्मिनीपासून पाच मिनिटांवर आहे. गाडीने जावे की टॅक्सीने, हिशेब जमत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हिशेब मुलांच्या वयावर अवलंबून आहे. चौघेही प्रौढ असते तर लिओनार्दो एक्सप्रेसचे ५६ युरो झाले असते. विमानतळावरून रोमच्या प्राचीन तटबंदीच्या आतल्या कोणत्याही ठिकाणी जाण्याचे टॅक्सीचे ठरलेले भाडे ५५ युरो आहे, आणि ते माणशी नसून चौघांचे, सामानासह, गाडीभराचे आहे. तेव्हा चार मोठ्या माणसांना दारापर्यंत नेणारी टॅक्सीच परवडते. पण लिओनार्दो एक्सप्रेसमध्ये पूर्ण तिकीट काढणाऱ्या प्रत्येक प्रौढामागे बारा वर्षांखालील एका मुलाला तिकीट पडत नाही. त्यामुळे आपल्याला २८ युरोंत जाता येईल आणि हॉटेल चालण्याच्या अंतरावर असल्याने पुढे खर्चही नाही. आपण गाडीनेच जावे. मुलांनाही ती आवडेल.

ज्या तटबंदीचा उल्लेख केला ती सम्राट ऑरेलियनने तिसऱ्या शतकात बांधायला घेतली होती. सतराशे वर्षांपूर्वीच्या तटावर आजही टॅक्सीचे भाडे ठरते, याची मला दर वेळी गंमत वाटते. निवास तटाच्या बाहेर असेल तर टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे विचारून घ्यावे. टॅक्सी अधिकृत रांगेतूनच घ्यावी. रोमच्या अधिकृत टॅक्सी पांढऱ्या रंगाच्या असतात आणि आगमन कक्षातच ‘टॅक्सी, टॅक्सी’ असे पुटपुटत जवळ येणाऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो.

टर्मिनीला लिओनार्दो एक्सप्रेस २३ किंवा २४ क्रमांकाच्या फलाटावर लागते. हे फलाट स्थानकाच्या एका कडेला आहेत. त्यामुळे मेट्रो गाठायची असेल तर सामान घेऊन दहा मिनिटे चालावे लागते, पण आपले हॉटेल त्याच बाजूच्या रस्त्याला असेल तर कडेच्या दारातूनच बाहेर पडता येईल. हॉटेल स्थानकाच्या कोणत्या बाजूला आहे, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे.

प्रश्न : इटलीत तिकीट असूनही दंड होतो, असे एका परिचितांकडून ऐकले. हे खरे आहे काय? आणि तिकीट भारतातूनच काढून ठेवावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खरे आहे. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट हे ठरावीक गाडीचे नसते, म्हणून ते वापरले गेल्याची खूण त्यावर उमटवावी लागते. नाही तर तेच तिकीट कोणी चार दिवस खिशात घालून फिरेल. फलाटाकडे जाण्याच्या वाटेवर, भिंतीला किंवा खांबाला बसवलेली लहान यंत्रे दिसतात. त्यांच्या फटीत तिकीट घालून टोकापर्यंत सरकवले की ‘खर्रर्र’ असा आवाज होतो आणि तिकिटाच्या कडेला तारीख व वेळ फिकट शाईत छापून येते. ती ओळ उमटली आहे की नाही, हे तिकीट उजेडात धरून पाहावे, कारण शाई संपलेली यंत्रेही भेटतात. एखादे यंत्र बंद असेल तर दुसरे शोधावे, आणि तेही न मिळाल्यास गाडीत चढताच आपण होऊन तिकीट तपासनिसाला सांगावे. तो आपल्यापर्यंत येईतो गप्प बसून नंतर ‘आम्ही परदेशी, आम्हाला माहीत नव्हते’ असे सांगण्याचा उपयोग होत नाही. हे वाक्य त्याने त्या दिवशी बऱ्याच वेळा ऐकलेले असते.

भ्रमणध्वनीवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटाला ही छपाई लागत नाही. मात्र गाडीत चढण्यापूर्वी त्या तिकिटासोबत आलेल्या दुव्यावर जाऊन आपण प्रवास सुरू करत असल्याची नोंद करावी लागते. विमानातून उतरल्यावर इंटरनेट चालू होईल याची खात्री नसेल, तर कागदी तिकीटच बरे.

भारतातून तिकीट काढून ठेवण्यात मला फायदा दिसत नाही. लांबच्या जलद गाड्यांची तिकिटे आधी काढल्यास स्वस्त पडतात, पण विमानतळाच्या या दोन गाड्यांचे भाडे ठरलेले आहे. महिनाभर आधी काढा की पाच मिनिटे आधी, तेवढेच. उलट, विमानाला उशीर होतो, सामानाचा पट्टा रेंगाळतो, आणि ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर पासपोर्टवरील शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांना तेथेही वेळ लागू शकतो. स्थानकातील यंत्रांवर इंग्रजी भाषा निवडता येते आणि कार्ड चालते. यंत्राशेजारी उभा राहून ‘मी मदत करतो’ म्हणत बटणे दाबू लागणाऱ्या अनोळखी माणसाला मात्र नम्रपणे नकार द्यावा. शहरातील मेट्रोच्या फाटकावर बँकेचे कार्ड नुसते टेकवूनही आत जाता येते. तेथे प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड लागते, पतिपत्नींनी एकच कार्ड पाठोपाठ टेकवून चालत नाही. आणि रोमचे एक किंवा तीन दिवसांचे जे वाहतूक पास मिळतात, ते विमानतळाच्या गाडीला लागू नाहीत.

प्रश्न : टर्मिनी म्हणजे आपले टर्मिनसच ना? आणि या गाडीतून जाताना ऐतिहासिक असे काही दिसते का, की सारे शहरात गेल्यावरच?
— एक निवृत्त इतिहास शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : टर्मिनी हे गाड्यांचे शेवटचे स्थानक आहे आणि रूळ तेथे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारखेच संपतात, त्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे, पण हा योगायोग आहे. स्थानकासमोर सम्राट डायोक्लेशियनची स्नानगृहे आहेत. सन २९८ ते ३०६ या काळात बांधलेल्या त्या अवाढव्य स्नानगृहांना लॅटिनमध्ये ‘थेर्मे’ म्हणत. त्यावरून त्या परिसराला टर्मिनी हे नाव पडले आणि एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा स्थानकाने ते आयते घेतले. आजची इमारत १९५० मध्ये खुली झाली. दर्शनी भागावर लाटेसारखे वळलेले जे छत आहे, त्याला रोमकर ‘डायनासोर’ म्हणतात. त्याच्याच शेजारी, काचेच्या भिंतीबाहेर, राखाडी-पिवळ्या दगडाचे मोठे चिरे एकावर एक रचलेले दिसतील. ती इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील तटबंदी आहे. बहुतेक प्रवासी तिच्याकडे पाठ करून टॅक्सीच्या रांगेत उभे असतात.

वाटेत काय दिसते, याचे प्रामाणिक उत्तर असे की, फारसे काही नाही. सपाट शेते, गोदामे, छत्रीसारखे पसरलेले पाइन वृक्ष, मग सज्ज्यांत कपडे वाळत घातलेल्या इमारती. पण आपण इतिहासाचे शिक्षक असल्याने सांगतो की, ही वाट स्वतःच जुनी आहे. आजचा विमानतळ प्राचीन रोमच्या बंदराला लागूनच आहे. सम्राट क्लॉडियसने पहिल्या शतकात येथे बंदर बांधले आणि त्यानंतर ट्रेजनने त्याला जोडून षट्कोनी आकाराची गोदी खोदवली. ती गोदी पाण्याने भरलेल्या तळ्याच्या रूपात आजही शाबूत आहे आणि विमान योग्य बाजूने उतरत असेल तर खिडकीतून तिच्या सहाही कडा स्पष्ट दिसतात. गाडीतून ती दिसत नाही. बंदरात उतरलेला माल लहान होड्यांत भरून, त्या तिबेर नदीतून वर ओढत शहरात आणला जाई, आणि नदीच्या काठाने रस्ताही होता. आपली गाडी ढोबळमानाने त्याच दिशेने शहरात शिरते. पहिल्या शतकातील एका ग्रीक नोंदीनुसार पैठणचे दगड आणि तेरचे कापड बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून पश्चिमेकडे निघे. त्यातले काही याच काठाला लागले असेल, असा विचार माझ्या मनात गाडी नदी ओलांडताना येतोच. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली रोमन समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आपण पाहिली असेलच.

आपण प्रादेशिक गाडीने जाऊन ओस्तिएन्सेला उतरावे, असे मी सुचवीन. हे स्थानक हिटलरच्या १९३८ मधील भेटीच्या निमित्ताने उभारलेले आहे. तेथून चालत पिरामिदे मेट्रोच्या दाराशी आलात की समोर ऑरेलियनच्या तटाचा दरवाजा आणि त्याला खेटून पांढऱ्या संगमरवराचा टोकदार पिरॅमिड उभा दिसतो. गायस सेस्टियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याची ती समाधी आहे, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन दशकांतली. तेथून चालण्याजोग्या अंतरावर तेस्ताच्चोची टेकडी आहे. ती निसर्गाची नसून नदीवाटे आलेल्या तेलाच्या फुटक्या रांजणांची आहे. पस्तीस मीटर उंचीचा तो खापरांचा ढीग आता गवताने झाकला आहे.

लिओनार्दो एक्सप्रेसनेच गेलात, तर टर्मिनी येण्याच्या जरा आधी डाव्या खिडकीशी बसावे. रुळांना लागून विटांची, छत कोसळलेली एक दहा कोनांची इमारत अगदी जवळून जाते. तिला मिनर्व्हा मेडिकाचे मंदिर म्हणतात. मुळात ते मंदिर नव्हते, चौथ्या शतकातील एखाद्या उद्यानातील दालन असावे.

प्रश्न : आमच्या जाण्याच्या दिवशी संप असल्याचे कळले. आता?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : इटलीत संप पूर्वसूचना देऊनच होतो; ‘शोपेरो’ हा शब्द फलकावर दिसला की समजावे. कामकाजाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत प्रादेशिक गाड्या संपातही चालवाव्या लागतात. लिओनार्दो एक्सप्रेस संपाच्या दिवशीही चालते, किंवा तिच्याऐवजी बस सोडतात. प्रादेशिक गाडीने जायचे असेल आणि आपले विमान या वेळांबाहेर उतरत असेल, तर खासगी बस किंवा टॅक्सी धरावी. फलकावर ‘रितार्दो’ म्हणजे उशीर आणि ‘कान्चेलातो’ म्हणजे रद्द.

प्रश्न : परतताना त्रास्तेवेरेहून विमानतळाची गाडी कशी ओळखावी?
— एक वाचक, पणजी

उत्तर : पाटीवर ‘फ्युमिचिनो एरोपोर्तो’ अशी दोन्ही नावे असायला हवीत. त्रास्तेवेरेहून समुद्रकाठच्या चिवितावेक्किया गावाकडेही गाड्या सुटतात आणि त्या विमानतळाला जात नाहीत. फलाटाला ‘बिनारिओ’ म्हणतात आणि तो ऐन वेळी बदलतो. म्हणून जिना चढण्यापूर्वी स्थानकाच्या दारातील फलक पुन्हा एकदा पाहावा. रविवारी व सुट्टीच्या दिवशी गाड्या पाव तासाऐवजी अर्ध्या तासाने असतात, त्या दिवशी घरातून लवकर निघावे.